बाराची ड्यूटी

"अहो, शिडी नीट धरा. लक्ष कुठंय तुमचं?"

"तुझ्याकडंच आहे. पडलीस तर झेलायला मीच आहे ना!" नवरा खालून म्हणाला.

सिस्टर चौथ्या पायरीवर होत्या. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. हातातल्या काडीला कापूस गुंडाळलेला. एका वेलाच्या फुलातला पिवळा पराग त्या कापसानं टिपत आणि दुसऱ्या वेलाच्या फुलाला अलगद लावत. पॅशनफ्रूटची ही फुलं भर दुपारी बाराला उमलतात आणि संध्याकाळपर्यंत मिटतात, त्यामुळे हा दवाखाना उन्हातच चालवावा लागे.

ही वेळ त्यांनी आपल्याच हातानं ओढवून घेतली होती. दीड एकरातली पपई, केळी, भोपळे हा सगळा नवऱ्याचा कारभार. तीस वर्षं बस चालवलेला हा माणूस आता पाचोळा पसरून, औषधाचा थेंबही न मारता शेती करत होता. मांडवावरचे दोन वेल तेवढे सिस्टरांचे. पण चौतीस वर्षं वॉर्ड लख्ख ठेवलेल्या बाईला शेतातला पसारा कसा बघवणार? नवरा चार दिवस बहिणीकडे गेला आणि सिस्टरांनी कुंपणाकडेचे कुजके ओंडके, वाळक्या फांद्या, सगळं गोळा करून पेटवून दिलं. परत आल्यावर नवऱ्यानं कपाळाला हात लावला.

त्यानंतर वेल फुलांनी लगडले आणि फळ मात्र एकही धरेना. शेवटी रोपवाटिकेवाल्यालाच बोलावलं. त्यानं मांडव पाहिला, मग कुंपणाकडची राख पाहिली.

"सिस्टर, मोठे काळे भुंगे असल्या ओंडक्यांतच राहतात. एवढ्या मोठ्या फुलाला मधमाशी पुरी पडत नाही हो. तुम्ही तर त्यांची घरंच जाळलीत!"

सिस्टरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यात नवऱ्यानं सांगून टाकलं, "या बहरात फळ धरलं नाही, तर वेल काढायचे आणि चवळी चढवायची. मांडव नुसता शोभेला ठेवायचा का?"

म्हणून ही बाराची ड्यूटी. पहिले दोन दिवस नवऱ्यानं कुरकुरत शिडी आणली. तिसऱ्या दिवशी पावणेबारालाच त्याच्या हाका सुरू. सगळा संसार दोघांनी पाळ्यांवर केला होता. तो सकाळची गाडी काढायला निघे, तेव्हा ती रात्रपाळीहून परते. दारात किल्ली हातात दिली की झाली भेट. आता रोज तासभर गप्पा. बसमध्ये आपली कवळी विसरलेल्या प्रवाशाचा किस्सा त्यानं सांगितला, तेव्हा सिस्टर इतक्या हसल्या की हातातली काडीच खाली पडली.

सहाव्या दिवशी त्या वरून ओरडल्या, "अहो! धरलं!"

सुकलेल्या फुलामागं बोराएवढं हिरवं फळ दिसत होतं. पुढच्या डहाळीवर आणखी दोन. नवऱ्यानं आनंदानं दोन्ही हात वर केले, आणि सिस्टर किंचाळल्या, "शिडी!"

त्याच आठवड्यात त्यानं वखारीतून हातगाडीवर दोन जुने ओंडके आणून कुंपणाशी टाकले. सिस्टरांनी त्यांना झाडूसुद्धा लावला नाही. महिन्याभरानं ओंडक्याला गोल भोक दिसलं, आणि एका दुपारी गुणगुणत आलेला काळा भुंगा पाठ पिवळी करून फुलातून बाहेर पडला.

"सुटलीस," नवरा म्हणाला. "आता तुझी गरज नाही."

सिस्टरांना आनंद झाला आणि, खरं सांगायचं तर, वाईटही वाटलं.

दुसऱ्या दिवशी बाराला त्या स्वयंपाकघरात उगाच डबे पुसत होत्या. शेवटी फडकं टाकून बाहेर आल्या. नवरा मांडवाखाली पोतं अंथरून बसला होता.

"ये, टेक जरा. तुला एक सांगायचं राहिलंय."

"काय?"

"ते आता आठवत नाही. पण तू बैस तर खरी."

त्या बसल्या. वर भुंग्यांचं काम जोरात चाललं होतं.