शनिवारचं जाकीट

आधी कळलं ते आमच्या मांजरीला, मोर्झाला.

माझी मुलगी बोरोका तालमीहून आली की तिचं जाकीट दाराजवळच्या खुंटीवर जातं. एरवी मोर्झा त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. शनिवारी मात्र ती उडी मारून ते खाली ओढते, खिशात तोंड खुपसते आणि डोळे अर्धे मिटून त्यावर लोळत राहते. लागोपाठ काही शनिवार हे पाहिल्यावर मी तो खिसा हुंगला. आत साखरेचा भुगा होता आणि वास मांजरमुळीचा, ज्या औषधी मुळीच्या वासानं मांजरं वेडी होतात.

हा वास मी कुठेही ओळखीन. परीक्षेच्या आधी आजी साखरेच्या चौकोनावर या औषधाचे थेंब टाकून मला द्यायची. धडधड कमी व्हायची, हात थरथरायचे थांबायचे.

हात थरथरायचे थांबायचे! बोरोकाचा पिस्तुलाचा नेम गेल्या महिन्यापासून एकाएकी सुधारला होता. शनिवारी परतताना ती ट्राममध्ये माझ्या खांद्यावर गाढ झोपायची, आणि मी वेडी ते कष्टाचं फळ समजत होते. या खेळातली जुनी माणसं हसत हसत सांगतात, की पूर्वी पिस्तूल उचलण्याआधी गडी घोटभर पालिंका, म्हणजे फळांची कडक दारू, मारायचे, गोळ्या गिळायचे. बोरोकाचे प्रशिक्षक तिहामेरकाका त्याच काळातले. तलवार, पोहणं, घोडा, नेमबाजी, धावणं, पाचही मिळून देशात पहिले आलेले. ऐन भरात असताना खेळ सोडला आणि आमच्या बुडापेस्टच्या क्लबात मुलांना शिकवायला लागले. का सोडला, हे कुणी विचारत नाही. मी मात्र आता विचारायला लागले होते, निदान मनात.

नवऱ्याला सांगितलं तर बार्नाबाश म्हणाला, "मग कर तक्रार. साक्षीला मांजर ने."

बोरोकाला मी सहज विचारल्यासारखं विचारलं, की काका तालमीच्या आधी काही खायला देतात का. ती नाही म्हणाली, पण मोज्यांकडे बघत. अकरा वर्षांच्या मुलीचं खोटं आईला लगेच कळतं. कोणी बोलायला लावलंय, एवढंच कळत नाही.

पुढच्या शनिवारी मी घरी गेल्याचं भासवलं आणि तबेल्यात गवताच्या गठ्ठ्यांमागे उभी राहिले. घोडा फक्त शनिवारी असतो. आधी घोडा, मग नेमबाजी, असा त्यांचा क्रम. काका टोपी घेऊन मुलांपुढून फिरले. स्पर्धेत घोडा आपला नसतो, चिठ्ठीत येईल त्या अनोळखी जनावरावर बसावं लागतं. म्हणून ते सरावालाही चिठ्ठ्याच काढायला लावतात. बोरोकाला वितेझ आला. करडा, थोराड, गेल्या हिवाळ्यात एकीला पाडलेला.

काका भिंतीकडे वळले. कोटातून पत्र्याची चपटी डबी काढून त्यांनी पटकन काहीतरी तोंडात टाकलं. मग कोट खिळ्याला अडकवून ते खोगीर आणायला गेले. बोरोकानं इकडेतिकडे पाहिलं, कोटात हात घातला, तीच डबी उघडली. एक चौकोन तोंडात, एक जाकिटाच्या खिशात.

मी बाहेर आले तेव्हा काका खोगीर घेऊन परतत होते.

"माझ्या मुलीला काय चारता तुम्ही?"

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. उत्तर बोरोकानं दिलं.

"ते नाही देत, आई. मीच घेते." ती रडकुंडीला आली होती. "काका घोड्यांच्या आधी घेतात ना. मला वाटलं, चॅम्पियन असंच करतात. दुसरा मी पिस्तुलाच्या आधी खाते."

काकांनी खोगीर खाली ठेवलं.

"बोरोकाच्या आई," ते हळूच म्हणाले, "शेवटच्या स्पर्धेत मला चिठ्ठीत जो घोडा आला, तो माझ्यावर कोसळला. त्यानंतर मी घोड्यावर बसलो नाही. तलवारीची भीती नाही, पाण्याची नाही. मुलं घोड्यावर चढली की मात्र हे लागतं. क्लबात कुणाला माहीत नाही."

म्हणजे घोड्याला भिणारा माणूस माझ्या मुलीला घोडा शिकवत होता. तिला त्याच क्षणी हाताला धरून घरी न्यावं असं मला वाटलं. काकाही तेच म्हणाले, की ते थेंब पोटात असताना आज तिनं चढू नये. पुढच्या शनिवारी हवं तर दुसरी चिठ्ठी काढू.

"स्पर्धेत दुसरी काढता येत नाही," बोरोका म्हणाली. "मी वितेझवरच बसणार. काही न खाता."

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी डबी मागून घेतली आणि माझ्या पर्समध्ये टाकली.

आठवडाभर मी रोज तिचे खिसे तपासले. शनिवारी कुंपणाला धरून उभी राहिले, शेजारी काका. पहिला अडथळा वितेझनं ओलांडला. दुसऱ्यापाशी तो खाडकन थांबला आणि बोरोका पुढे त्याच्या मानेवर आदळली, पण पडली नाही. काकांनी तिला लगाम सैल सोडायला सांगितलं, अगदी शांत आवाजात. मग माझ्याकडे न बघता तळहात पुढे केला. तो थरथरत होता.

मी डबी उघडली, एक चौकोन त्यांच्या हातावर ठेवला. दुसरा स्वतःसाठी उचलला आणि हुंगला.

"आधी तुम्ही," मी म्हणाले.

त्यांनी खाल्ला. मग मीही खाल्ला. बोरोका वितेझला वळवून पुन्हा त्याच अडथळ्याकडे आणत होती.