राजाच्या तोंडातला मणी

मी जेड नावाच्या दगडाचा हिरवा मणी बोलतोय. दिसायला बोराएवढा, पण माया लोकांच्या एका राजाच्या गळ्यात होतो.

दूर मध्य अमेरिकेतल्या जंगलात कारागिरानं वाळू-पाण्यानं घासघासून मला घडवलं. माझा राजा पोरवयात गादीवर बसला. त्याच्या नगराला नदी नव्हती आणि पाऊस दगा द्यायचा. राजवाडा अर्धवट सोडून त्यानं आधी तळं बांधायला घेतलं. स्वतः चिखलात उतरायचा. मी त्याच्या छातीवर डुलायचो. तो गेला तेव्हा त्याचा श्वास हरवू नये म्हणून मला त्याच्या तोंडात ठेवलं आणि थडगं बंद केलं. पुढे नगर ओस पडलं. राजाचं नावही कुणाला वाचता येईना.

शेकडो वर्षांनी चोरांनी थडगं फोडलं. या हातातून त्या हातात विकला जात मी तेल शोधणाऱ्या एका साहेबाकडे आलो, आणि एकोणीसशे पासष्टच्या सुमारास त्याच्याबरोबर दुबईला. मायदेशी परतताना साहेबानं मला आपल्या खानसाम्याला, रत्नागिरीकडच्या खैरुद्दीनला, देऊन टाकलं. त्यानं हौसेनं मला बायकोच्या, शहरबानूच्या, गळ्यात घातलं.

एका दुपारी दुबईतल्या घरी शहरबानू गाढवावरून विकत आलेलं पाणी डब्यातून हंड्यात ओतत होती. साहेबाच्या गोष्टी सांगता सांगता खैरुद्दीन माझी हकीकत बोलून गेला. तिनं डबा खाली ठेवला.

"मेलेल्या माणसाच्या तोंडातलं काढून माझ्या गळ्यात घातलंत?"

तो म्हणाला, राजाची केव्हाच माती झाली, आता खलास. तिनं विचारलं, त्यानं लोकांसाठी काही केलं होतं का. खैरुद्दीनला सांगावंच लागलं: साहेबानं ती जागा पाहिली होती, राजानं बांधलेलं तळं अजून भरतं, जंगलातली माणसं तेच पाणी पितात.

शहरबानू हंड्याकडे बघत राहिली. मग तिनं मला गळ्यातून काढलं.

"ज्याचं पाणी लोक अजून पितात, त्याची अमानत आपण ठेवायची नाही."

खैरुद्दीन बरेच दिवस धुमसला. शेवटी स्वतःच मला रुमालात बांधून मेव्हण्याकडे, हमदुल्लाकडे, घेऊन आला. हमदुल्ला खलाशी, दुबईहून लाँचनं मुंबईला, तिथून मोठ्या बोटीनं माझ्या मुलखाकडे जाणार. खैरुद्दीननं त्याला बजावलं, तिथल्याच मातीत ठेव, दुसऱ्या कुणाला देऊ नकोस. हमदुल्ला हसून म्हणाला, इन्शाल्ला.

तो का हसला, ते मला कळलेलं नाही. त्याच्या पेटीत, सदऱ्याच्या घडीत पडलोय. खाडीतली लाँच हलली की इकडून तिकडे घरंगळतो, कुठंच टेकत नाही. इंजिन सुरू झालंय.

हमदुल्ला, वाटेत पुष्कळ बंदरं लागतील, मला पारखणारेही भेटतील. मूठ उघडू नकोस.