पोह्यांच्या छातीतला राहू

सक्करदऱ्याच्या तलावामागच्या विणकरवस्तीत त्या रविवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. समाजमंदिराच्या ओट्यावर मखमली खुर्ची, खुर्चीत डागबाबा आणि बाबांपुढे दोन पितळी घंगाळं. एकात पिवळट तपकिरी पाणी, त्याचं नाव दर्शनतीर्थ. दुसऱ्यात पांढुरकं, त्याचं नाव शांतितीर्थ. रांग पानठेल्याला वळसा घालून गेली होती. कुणाला मुतखडा, कुणाला गुडघेदुखी, एकाला नुसताच सासरा.

नियम सोपा होता. घरून कोऱ्या कापडाचा तुकडा आणायचा, पाणी न लागलेला. बाबा तो रोग्यावरून ओवाळत आणि दर्शनतीर्थात बुडवत. कापड निळंकाळं पडे. गर्दीचा श्वास अडके.

"पाहिला? हा राहू," बाबा सांगत. "छातीच्या तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहत होता. भाडंही देत नव्हता. आज खोली खाली करवली."

मग तेच कापड शांतितीर्थात जाई आणि पांढरंशुभ्र होऊन वर येई. राहू गावाला गेला, दक्षिणा ताटलीत गेली.

नत्थूजी रांगेत बायकोमागे उभा होता. अर्धं आयुष्य त्याने हातमागावर लुगडी विणली होती. मागाचा धंदा बसला तसा तो धंतोलीतल्या एका खाजगी दवाखान्यात लिफ्ट चालवू लागला. बायकोला, कुसुमावतीला, टीबी झाला होता. सरकारी दवाखान्यातल्या फुकटच्या गोळ्यांनी तिचा खोकला थांबला, भूक परतली, आणि आता गोळ्या कशाला, असं तिच्या मनाने घेतलं. आज कापडावरचा डाग गेला की उरलेल्या गोळ्या नाल्यात टाकायच्या, असा बाबांचा हुकूम होता. गोळ्यांची पिशवी तिच्या हातातच होती.

"गोळ्या नको फेकू वं," नत्थूजी हळूच म्हणाला. "मधातच गोळ्या सोडलेले लोक माह्या लिफ्टमधून वर जातेत. खाली येताना स्ट्रेचरवर असतेत."

"मी त्या सरकारी दवाखान्यात पाय नाई ठेवत. कंपाउंडर खिडकीतून बोंबलते, टीबीवाली कोन होय, बाजूले सरक. सारी लाइन माह्यापासून दूर पळाली. पोरीच्या सासरी खबर गेली." तिने पदर सारखा केला. "बाबा माह्या बिमारीचं नावही घेत नाई. मले ताई म्हन्ते, डोक्यावर हात ठेवते."

 लिफ्टमध्ये नत्थूजीला फक्त मजले विचारायची सवय होती.

तेवढ्यात यमुताई बाबांचा नाश्ता घेऊन आल्या. ओट्याला लागूनच त्यांचा तर्री-पोह्यांचा ठेला होता. बाबांचे पोहे बिनतर्रीचे असत, कारण तर्रीच्या झणझणीत रश्श्याने बाबांची साधना भंगे आणि ते दिवसभर आत-बाहेर करत. बाबांचा चेला भैयाजी प्लेट घ्यायला धावला, स्वतःच्याच धोतरात अडकला, आणि प्लेट उलटी होऊन दर्शनतीर्थात पडली.

पिवळे पोहे बघता बघता निळेकाळे झाले.

 बाबांनी डोळे मिटले, उघडले, पुन्हा मिटले. "या पोह्यांच्या छातीत राहू बसलाय," ते शेवटी म्हणाले.

"माह्या पोह्यायले छाती कुठून आली गा?" यमुताईंनी विचारलं.

रांगेत ज्यांच्या तोंडात यमुताईंच्या पोह्यांचा घास होता, त्यांनी तो कुठे ठेवावा याचा विचार सुरू केला. दोघांनी थुंकला. यमुताईंचं डोकं सरकलं. गिऱ्हाईक म्हणजे त्यांची रोजीरोटी. त्यांनी ठेल्यावरचा आलूबोंडा उचलला, फोडला आणि घंगाळात टाकला. आतला आलू काळाठिक्कर.

"बोंड्याला पितृदोष," बाबा म्हणाले.

यमुताईंनी डब्यातली पोळी टाकली. पोळी काळी.

"पोळीवर कुणाची तरी नजर आहे."

"नजर भुकेची होय," यमुताई म्हणाल्या आणि खोबऱ्याचा तुकडा टाकला. खोबरं जरासं पिवळटलं, पण काळं पडलं नाही. "घ्या. खोबरं तेवढं तंदुरुस्त निघालं."

आता लोक हसायला लागले. ठेल्याच्या बाकड्यावर एक बाई प्लेट हातात धरून हे सगळं बघत होती. ती वैदेही, सरकारी दवाखान्यात नुकतीच आलेली डॉक्टर. नत्थूजीजवळ येऊन तिने आपली ओळख सांगितली.

"काका, तुम्ही या वस्तीतले विणकर ना? कोऱ्या कापडात काय असतं?"

"सूत. अन् खळ. सूत तुटू नाई म्हनून पिठाची कांजी लावतो तान्याले, उभ्या धाग्यायले."

"म्हणजे पोह्यात, आलूत, पोळीत जे असतं तेच. स्टार्च. आणि धुतलेल्या कापडात?"

"खळ धुऊन जाते." नत्थूजी थांबला. मग त्याने खांद्यावरचा दुपट्टा काढला. हजार वेळा धुतलेला, जाळी झालेला. तो कुसुमावतीवरून ओवाळला आणि घंगाळात बुडवला. दुपट्ट्यावर फिकट पिवळा डाग पडला, बस. तिच्या हातातलं कोरं कापड घेऊन त्याने बाबांच्या मखमली खुर्चीवरून ओवाळलं, बाबा घाईने उठल्यावर, आणि बुडवलं. कापड काळंभोर.

"खुर्चीच्या छातीत राहू," कुणीतरी म्हणालं.

वैदेहीने यमुताईंच्या ठेल्यावरची लिंबं घेतली आणि एकामागून एक त्या काळ्या कापडावर पिळली. काळा रंग विरत विरत गेला. "दर्शनतीर्थ म्हणजे जखमेवर लावतात ते आयोडीन, पाण्यात मिसळलेलं. खळीला लागलं की काळं होतं. शांतितीर्थात क जीवनसत्त्वाच्या गोळ्या कुटून टाकल्या असणार. लिंबातही तेच असतं, त्याने काळेपणा जातो. रोगी मध्ये नसला तरी चालतं."

भैयाजी ओट्याखालची पिशवी घेऊन सटकत होता. यमुताईंनी त्याचं धोतर धरलं, तेव्हा त्याने पिशवी सोडून धोतर सांभाळलं. आतून आयोडीनची बाटली आणि क जीवनसत्त्वाच्या पांढऱ्या गोळ्यांचं पाकीट घरंगळलं.

"ही हिमालयातली वनस्पती आहे," बाबा म्हणाले.

"हिमालयात मेडिकल कधी उघडलं, बाबा?" यमुताईंनी विचारलं.

गोळ्या फेका म्हणून सांगणाऱ्या बाबांची दोन्ही घंगाळं औषधांनीच भरलेली होती. हे ज्याच्या त्याच्या ध्यानात येईपर्यंत बाबा मागच्या गल्लीत पोचले होते.

सारे हसले. कुसुमावती हसली नाही. ती वैदेहीच्या जवळ सरकली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "बाबा खोटा होय, पाहिलं मी. पन खोटा मानूस मले मानसासारखं वागवते, अन् तुमच्या खऱ्या दवाखान्यातला कंपाउंडर खिडकीतून माह्या बिमारीचं नाव काहून वरडते?"

 आयोडीनचं उत्तर वैदेहीला आलं होतं, हे सोपं नव्हतं. "कंपाउंडरला तुमच्या आजाराचं नाव असं सांगायचा हक्कच नव्हता," ती म्हणाली. "औषध मिळणं जसा तुमचा हक्क, तसं ते इज्जतीनं मिळणं हाही. चूक आमची आहे. उद्या मी स्वतः तुम्हाला आत बसवून बोलेन, दार लावून. आणि खिडकीतली ती ओरड बंद करणं माझं काम."

"बंद नाई झाली तर?"

"तर माझी तक्रार करा. कुठे करायची, तेही मी सांगते."

हे कुसुमावतीला पटलं असावं. तोंडावर चांगलं बोलणाऱ्याने स्वतःविरुद्धची तक्रार शिकवावी, हे बाबांकडे कधी घडलं नव्हतं.

वाचकहो, चमत्कार दिसला तर एवढंच करा: रोग्याऐवजी खुर्चीवरून ओवाळून पाहा. खुर्चीही आजारी निघाली, तर खिसा सांभाळा. आणि शेजारीण बाबाकडे का जाते असा प्रश्न पडला, तर तिला अडाणी म्हणण्याआधी दवाखान्यात तिच्यासोबत रांगेत उभे राहा. बाबांचं दुकान बऱ्याचदा तिथल्याच वागणुकीवर चालतं.

यमुताईंनी कुसुमावतीपुढे वाफाळत्या पोह्यांची प्लेट केली.

"आधी गोळ्या," वैदेही म्हणाली. "उपाशीपोटी घ्यायच्या असतात. पोहे तासाभरानं."

कुसुमावतीने पिशवी उघडली, गोळ्या तोंडात टाकल्या, पाण्याबरोबर गिळल्या आणि तोंड वाकडं केलं. नत्थूजी प्लेट धरून तिच्या बाजूला बाकड्यावर बसला. तासभर तो एकही घास न खाता बसला, आणि तोवर तर्री पार थंड झाली.