मेहुणे थांबतील

नवरदेवाच्या लग्नाआधीच्या पार्टीसाठी व्हॅलेन्सियाला जायचं ठरलं तेव्हाच एलादियोने सांगून टाकलं होतं की जमेल तेवढ्या स्वस्तात उरकायचं. लग्न जूनमध्ये, हॉलचे पैसे भरून झालेले आणि घरी त्याच्या बायकोला सातवा महिना. पण न जाऊन चालण्यासारखं नव्हतं. नवरदेव होता इस्माएल, आणि नवरी एलादियोची सख्खी धाकटी बहीण, नोएलिया. होणाऱ्या मेहुण्यानेच पाठ फिरवली असती तर अख्ख्या कालामोचा गावात चर्चा झाली असती.

निघाले चौघं. इस्माएल, एलादियो आणि इस्माएलचे दोन शाळासोबती, चेमा आणि तोनियो. वर्गणी चेमाकडे, एका मोज्यात बांधलेली. गाडी सर्वांत हळू जाणारी, कारण तीच सर्वांत स्वस्त. मुक्कामाला आठ खाटांची एक खोली, त्यातल्या चार खाटांवर आधीच कुणीतरी झोपलेलं. एलादियो हॅम सुकवायच्या कारखान्यात कामाला होता, तिथूनच त्याने भरपूर हॅम आणलं होतं. जुन्या नदीपात्रातल्या बागेत बसून पावात हॅम घालून सगळे जेवले, आणि इस्माएलच्या डोक्यावर तान्ह्या बाळाचं टोपडं बांधून रस्त्याला लागले. बाकी तिघांच्या टीशर्टवर इस्माएलचा हसरा फोटो छापलेला होता.

अकराच्या सुमाराला एका कोपऱ्यावर एका माणसाने त्यांच्या हातात चिठ्ठी ठेवली. दहा युरोत प्रवेश, नाच बघायला मिळेल, वर एक ग्लास फुकट.

"दहाच?" तोनियो म्हणाला. "गावातल्या सिनेमालासुद्धा याहून जास्त जातात."

एलादियोला जायचं नव्हतं. पण नवरदेव टोपडं सावरत केव्हाच जिना उतरायला लागला होता.

आत लाल उजेड होता आणि गर्दी बेताचीच. मंचावरची बाई खांबाला धरून फिरत होती. तिचं लक्ष कुठेतरी भलतीकडेच आहे असं एलादियोला वाटलं. त्याने आपला फुकटचा ग्लास पुरवून पुरवून प्यायला. थोड्या वेळाने दोन मुली येऊन टेबलाशी बसल्या. एकीने इस्माएलच्या टोपड्याची नाडी ओढली आणि विचारलं, "बाळाला तहान लागली असेल ना?" इस्माएल हसून हो म्हणाला. बाटली आली. मग दुसरी आली. तिसरी कुणी मागवली हे नंतर कुणालाच सांगता आलं नाही.

बिल आलं सातशे साठ युरोचं.

चेमाने मोजा सोडला, आतलं सगळं टेबलावर ओतलं आणि पुन्हा मोज्यात भरलं. मोजायची गरजच नव्हती. त्याचं कार्ड चाललं नाही. तोनियोने कार्ड आणलंच नव्हतं. एलादियोच्या खात्यात अजून पगार जमा व्हायचा होता. मुली केव्हाच उठून गेल्या होत्या, आणि टेबलाशी दाराजवळचा रखवालदार येऊन उभा राहिला होता. माणूस तसा शांत. हात पाठीमागे बांधून उभा होता, पण त्याच्या बाजूने वाट काढून जाणं शक्य नव्हतं.

"माझं कार्ड खोलीवर राहिलंय," इस्माएल म्हणाला. "पाच मिनिटांवर तर आहे. आम्ही घेऊन येतो."

"खुशाल आणा," रखवालदार म्हणाला. "एकजण इथे थांबेल."

चौघांनी एकमेकांकडे बघितलं. तेवढ्यात इस्माएलचा हात एलादियोच्या खांद्यावर पडला. "मेहुणे थांबतील," तो म्हणाला. "घरचेच आहेत." मग एलादियोच्या कानाशी वाकून, "आलोच. तू बिनधास्त राहा."

हे सगळं इतकं पटकन झालं की नाही म्हणायला फुरसतच मिळाली नाही. तिघं जिना चढून वर गेले. जाताना इस्माएलने टोपडं काढून खिशात कोंबलेलं एलादियोने पाहिलं.

त्याला मागच्या बाजूच्या खोलीत नेलं. बिअरचे क्रेट, एक फ्रिज, एक स्टूल. गल्ल्यावर बसणारी बाई आत आली. साठीच्या आसपासची, चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेला. तिला तिथे सगळे रेमेदियोस म्हणत.

"ओळखपत्र दे, राजा," ती म्हणाली. "तोपर्यंत माझ्याकडे राहील."

"कशाला? ते येतायत की."

"मग काळजी कशाची?"

त्याने ओळखपत्र दिलं. दिल्यावर त्याला वाटलं, हे चुकलं. पण तोवर ते तिच्या झग्याच्या खिशात गेलं होतं.

पाच मिनिटांची वीस झाली. त्याने इस्माएलला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. चेमाचा फोन बंदच. मग त्याने इस्माएलला लिहिलं, "कुठे आहात?" संदेशाखालच्या दोन खुणा निळ्या झाल्या. म्हणजे वाचला. तो उत्तराची वाट बघत पडद्याकडे बघत राहिला. पडदा विझला. त्याने बोटाने पुन्हा उजळवला. उत्तर नव्हतं.

'कार्ड शोधत असतील,' त्याने स्वतःला समजावलं. 'मशीन बंद असेल. दुसरं शोधत असतील.' भिंतीपलीकडे ढोल बडवल्यासारखं संगीत चालू होतं, आणि दर गाण्याला फ्रिजवरच्या बाटल्या किणकिणत होत्या. त्याने पुन्हा लिहिलं. पुन्हा निळ्या खुणा.

मंचावरची बाई अंगावर स्वेटर घालून आत आली आणि क्रेटवर बसून डब्यातला भात खायला लागली. त्याच्या छातीवरच्या फोटोकडे तिने नीट बघितलं.

"हाच गेलाय का पैसे आणायला?"

"हो. माझ्या बहिणीचा होणारा नवरा."

खाऊन झाल्यावर फ्रिजमधून पाण्याची बाटली काढून तिने त्याच्या हातात दिली. "याचे पैसे नाही लावत," एवढंच म्हणाली आणि गेली.

एलादियोने बाटली न उघडताच बाजूला ठेवली.

तो उठून दाराशी गेला. रखवालदाराने नुसती मान हलवली. मागून रेमेदियोस आली. "मालक येतील थोड्या वेळात. मी तुला काही बोलत नाहीये, पण ते माझ्यासारखे नाहीत. दुसऱ्या कुणाला तरी फोन कर, राजा."

"मी पोलिसांना बोलावतो."

"बोलाव की. येतील, नाव-पत्ता लिहून घेतील, घरी पत्र पाठवतील. बायको आहे का?"

तिला हे विचारायचं कसं सुचलं कोण जाणे. बोटातली अंगठी दिसली असेल. एलादियो परत स्टुलावर बसला. बायकोला फोन करणं शक्यच नव्हतं. वडिलांना केला असता तर त्यांनी आधी शिव्या घातल्या असत्या आणि मग सगळ्या गल्लीला उठवलं असतं. राहता राहिली नोएलिया. ती वृद्धाश्रमात रात्रपाळीला होती, म्हणजे जागी असणार.

"काय रे दादा?" ती कुजबुजत बोलली. मागे कुणी म्हातारी कण्हत होती. "सगळं ठीक ना?"

त्याने सांगितलं. लाज वाटत होती म्हणून आधी फिरवून फिरवून, मग सरळ.

"इस्माएल कुठे आहे?"

"पैसे आणायला गेलाय."

"कधी?"

"झाला असेल दीड तास."

"खोली किती लांब आहे?"

"फोन उचलत नाहीये तो," तो म्हणाला. "झोपला-बिपला असेल. प्यायला होता बराच."

"थांब तू," नोएलिया म्हणाली.

फोन ठेवल्यावर त्याला वाटलं, आपण हे काय करून बसलो. आता इस्माएल धावत येईल, चारचौघांत हसेल, म्हणेल, काय मेहुणे, दम निघाला नाही? आणि यावा असंच तो मनातून म्हणत होता. हसला तरी चालेल, पण यावा.

फोन वाजला.

"उचलला त्याने," नोएलिया म्हणाली. "पहिल्याच रिंगला."

"मग? येतोय?"

"मी काही सांगितलं नाही त्याला. नुसतं विचारलं, कसे आहात सगळे. म्हणाला, मजेत, केव्हाच झोपलोय. मी विचारलं, दादा कुठे आहे? म्हणाला, हा काय, शेजारच्या खाटेवर. घोरतोय."

भिंतीपलीकडे गाणं संपलं आणि टाळ्या वाजल्या, दोन-तीन जणांच्याच.

"नोए..."

"त्या बाईला फोन दे."

रेमेदियोसने फोन कानाला लावला तेव्हा तिच्या चेहऱ्यावर कंटाळा होता. हळूहळू तो गेला. नोएलिया काय म्हणत होती ते एलादियोला ऐकू येत नव्हतं. रेमेदियोस मात्र मधूनमधून "तसं नाही हो," "कुणी कोंडलेलं नाही," "तो आपणहून बसलाय," असं म्हणत होती. शेवटी तिने फोन परत दिला आणि बाहेर जाऊन रखवालदाराशी काहीतरी बोलली.

"मी तिथल्या पोलिसांना आधीच कळवलंय," नोएलिया म्हणाली. "पत्त्यासकट. तू जागचा हलू नकोस आणि एक छदामसुद्धा देऊ नकोस. आणि दादा, उद्या इस्माएल भेटला तर माझ्याशी बोललास हे त्याला सांगू नकोस."

"का?"

"नको सांगूस. बस."

पोलीस आले तेव्हा सगळं फारच साधं होऊन गेलं. एक पोलीस बाई आणि एक तरुण पोलीस. बिल बघून बाईंनी विचारलं, किमतीचा फलक कुठे आहे. फलक नव्हता. रेमेदियोस हसून म्हणाली, गैरसमज झाला. ओळखपत्र परत मिळालं. "जा घरी," पोलीस बाई म्हणाल्या आणि त्याच्या टीशर्टकडे बघून हसू दाबलं. कुठलंही पत्र घरी गेलं नाही.

तो खोलीवर गेला नाही. स्टेशनवर जाऊन बाकावर बसला, टीशर्ट उलटा करून घातला, आणि उजाडेपर्यंत तसाच बसून राहिला.

सकाळी तिघं आले. इस्माएलच्या हातात गरम क्रोसाँची पिशवी होती. एलादियोला बघताच त्याने दोन्ही हात पसरले.

"बघ, म्हटलं नव्हतं मी? सोडलं ना! मी या दोघांना हेच सांगत होतो. आपल्याकडे फुटकी कवडी नाही हे कळलं की काय करणार ते? तास-दोन तास बसवतील आणि हाकलून देतील. गेलो असतो तर चौघं अडकलो असतो."

"फोन का नाही उचललास?"

"उचलला असता तर त्यांनी तुझ्या तोंडून मला बोलावलं असतं. डोकं चालवलं जरा." त्याने पिशवी पुढे केली. "खा. रागावलास की काय?"

चेमा खाली बघत होता. तोनियो सिगरेट पेटवायला लांब गेला. सगळ्यात वाईट म्हणजे इस्माएलचं बोलणं वेडगळ नव्हतं. खरोखरच सोडलं होतं. कुणी बोटसुद्धा लावलं नव्हतं. एलादियोने एक क्रोसाँ घेतला आणि खाल्ला, कारण भूक लागली होती.

गाडी डोंगर चढायला लागली तशी इस्माएलची जीभ सैल झाली. लाल उजेडाच्या, मुलींच्या, बाटल्यांच्या गोष्टी तो आत्तापासूनच रचत होता. गावात कशा सांगायच्या त्याची रंगीत तालीम. समोर बसून एलादियो ऐकत होता. गुडघ्याला गुडघा लागत होता. प्रत्येक स्टेशनवर त्याला वाटायचं, सांगून टाकावं. तिला माहीत आहे, लेका, तयारीत राहा. एवढं म्हटलं असतं तर इस्माएलने काहीतरी जुळवलं असतं, माफी मागितली असती, रडलासुद्धा असता. तोंडाशी आलेलं त्याने तेरुएलला गिळलं, आणि पुढच्या स्टेशनला पुन्हा.

"एक सांगू?" शेवटचं वळण आल्यावर इस्माएल हळूच म्हणाला. "नोएलियाला यातलं काही कळायला नको. उगाच मनाला लावून घेईल. आपल्या दोघांतच राहू दे. मेहुणे-मेहुणे आहोत, नाही का?"

एलादियो खिडकीबाहेर बघत राहिला. इस्माएलने ते होकारार्थी घेतलं.

नोएलिया फलाटावर उभी होती. रात्रपाळीनंतर घरी न जाता थांबली होती. कोटाखाली आश्रमाचा निळा झगा तसाच. तिने इस्माएलच्या गालांचे मुके घेतले, मग भावाचे.

"काय, मजा केलीत?" तिने विचारलं.

"मजा कसली," इस्माएल म्हणाला. "दोन ग्लास घेतले आणि झोपलो. म्हातारे झालो आम्ही."

"आणि दादा? याला झोप लागली का नव्या जागी?"

एलादियोने इस्माएलकडे बघितलं. अगदी डोळ्यांत डोळे घालून. अजून वेळ होती. चेमाने श्वास रोखल्याचं त्याला ऐकू आलं.

"झोप लागली म्हणजे काय," इस्माएल हसत म्हणाला आणि त्याने एलादियोच्या पाठीवर थाप मारली. "खोली हादरवून सोडली याने."

नोएलियाने मान हलवली. ती चिडली नाही, आवाजही चढवला नाही. "तुझी बॅग घे," ती इस्माएलला म्हणाली. "तुझ्या आईकडे जाऊ. मला तुझ्याशी बोलायचंय, आणि ते त्यांच्यासमोर बोललेलं बरं."

दोघं पुढे गेली. चेमा एलादियोजवळ आला, काही म्हणणार असं वाटलं, पण नुसताच मोजा खिशात सारून निघून गेला.

लग्न मोडलं. हॉलवाल्याने अर्धे पैसे ठेवून घेतले. गावात निम्मे लोक म्हणाले, एवढ्याशा गोष्टीवरून कुणी लग्न मोडतं का. पोरं आहेत, गेली असतील नाच बघायला. एलादियोच्या आईचंही तेच म्हणणं होतं, आणि तिचा राग नोएलियापेक्षा एलादियोवर जास्त. "तुला बहिणीलाच फोन करायचा होता?" ती म्हणायची. "जगात दुसरं कुणी नव्हतं?" महिनाभर तिने त्याला रविवारच्या जेवणाला बोलावलं नाही.

त्यालाही तसंच वाटायचं. एकदा त्याने बहिणीला विचारलंच. ती बाळ बघायला आली होती. मुलगी झाली होती त्याला. नोएलिया तिला मांडीवर घेऊन बसली होती.

"मी फोन केला नसता तर?"

"तर झालं असतं लग्न."

"घाबरला असेल गं तो. कुणीही घाबरेल. मीसुद्धा घाबरलो होतो."

"माहीत आहे मला," नोएलिया म्हणाली. "घाबरलो, पळालो, असं म्हणाला असता तर मी दोन दिवस बोलले नसते आणि तिसऱ्या दिवशी विसरले असते. पण दादा, त्या रात्री फोनवर त्याचा आवाज इतका नेहमीसारखा होता. म्हणजे तो खोटं कधी बोलतोय, हे मला आयुष्यभर कळलं नसतं."

बाळ कुरकुरायला लागलं. तिने उठून खिडकीपर्यंत दोन-चार फेऱ्या मारल्या आणि खांद्यावर थोपटत विचारलं, "हिला दूध पाजून किती वेळ झाला?"