सोमवारची पहिली साक्ष

मयताला आलेल्या भेटी जाहीर करणाऱ्या वक्त्याने चटई दोन्ही हातांनी उंच धरली आणि देणाऱ्याचं नाव साऱ्या अंगणाला ऐकू जाईल असं पुकारलं. कंपनीचं नाव ऐकताच मसिनाच्या हातातला पंखा थांबला.

आईला माती देऊन तासही झाला नव्हता. आणि सोमवारी त्याच कंपनीची मसिनापुढे सुनावणी होती. सामोआचं दूरसंचार नियमन म्हणजे मसिना, एक कारकून आणि गळकं छप्पर. फोन, इंटरनेट, टीव्ही सगळं कंपनीच्या हातात गेलंच होतं. आता कंपनीला रेडिओही हवा होता. जुना मनोरा पाडायचा, रेडिओ लोकांनी फोनवर ऐकायचा. सवाई बेटाच्या टोकाला फोन लागत नाही. तिथे वादळाची सूचना आणि मयताची खबर अजून रेडिओच पोचवतो.

"परत पाठवते," ती पुटपुटली.

"मयताला आलेली चटई परत?" लुपेमावशीने तिचा दंड धरला. "गेलेल्या आईचं नाक कापतेस का?"

"मावशी, सोमवारी त्यांची सुनावणी आहे."

"तुझ्याकडे काम अडलेलं नाही असा एक माणूस दाखव या देशात. मग मयताला बोलवायचं कुणाला, बगळ्यांना?"

चटई मांडीवर आली. रेशमासारखी मऊ, लाल पिसांची किनार. मयताची चटई जितकी जुनी तितका तिचा मान मोठा. एवढी जुनी चटई कंपनीला कुठे मिळाली? मसिनाने कोपरा उलटला आणि तिचं बोट अडखळलं. तिरकं रफू. इथेच चुलीतला निखारा उडाला होता. दोन वर्षं आई ही विणत होती, शेजारी रेडिओ लावून. फेतूकाका मयतांची नावं वाचू लागले की तिचे हात थांबायचे. पुढे काकांचीच बायको गेली, तेव्हा आईने ही चटई त्यांच्या दारी नेली होती.

फेतूकाका. रेडिओवरचा चाळीस वर्षांचा आवाज. मनोरा वाचवा म्हणून अर्ज त्यांचाच, सोमवारची पहिली साक्षही त्यांचीच.

ते नीरफणसाखाली कोको पीत बसले होते. सदऱ्याच्या खिशातून कंपनीचा नवाकोरा फोन डोकावत होता.

"काका, आईने मालियाकाकूच्या वेळी दिलेली चटई आहे ना अजून?"

"म्हणजे काय! पेटीत आहे. झुरळाची बिशाद नाही आत शिरायची."

ते हसले, पण कपात बघून.

मसिनाने पुढे विचारलं नाही. संध्याकाळी पाहुण्यांना परतभेटी द्यायची वेळ झाली, तेव्हा ती वक्त्याच्या कानाशी लागली. त्याने तीच चटई पुन्हा उंच धरली आणि फेतूकाकांचं नाव पुकारलं.

काका उठले. उठायला त्यांना वेळ लागला.

"घ्या, काका," मसिना म्हणाली. "मालियाकाकूच्या पेटीत हिलाही जागा होईल."

काकांनी हात पुढे केले.

"सोमवारी पहिली साक्ष तुमची."

"हं."

सवाईच्या टोकापर्यंत पोचणारा तो आवाज शेजारच्या मावशीलाही ऐकू गेला नाही. चटई त्यांच्या हातांवर होती, रफूचा कोपरा बाहेर. काकांनी तो खाली न बघताच आत दुमडला.