मालूच्या गोळ्या

१९९९ सालच्या मार्चमधली गोष्ट. पेणच्या एका आळीत विमलबाईंच्या अंगणात उडदाचे पापड लाटणे चालू होते. सात-आठ बाया पोळपाट घेऊन बसल्या होत्या. विमलबाईंची सून मालू तेलाच्या हाताने पिठाच्या लाट्या करून परातीत टाकत होती. ऊन अंगणभर आले तरी परात निम्मीच होती.

विमलबाई ओटीवरून खाली उतरल्या. "तोंड उघड," त्या म्हणाल्या.

मालूने मान खाली घातली.

"उघड. बघू दे सगळ्यांना."

मालूने तोंड उघडले. आत कच्चे पीठ होते. लाटणी थांबली. एक बाई फिसकन हसली. मालू मोरीकडे धावली आणि ओकली.

"पोट कापून बारीक करून आणलं, तरी हिची वखवख जात नाय," विमलबाई बायांना म्हणाल्या. "आमच्या नशिबी ही अशी सून."

मालू निडी गावच्या काळुरामची मुलगी. लग्नाला पाच वर्षे झाली तरी मूल नव्हते आणि दोष तिच्या जाडीवर गेला होता. तिच्या नवऱ्याला, धनेशला तपासावे, असे कोणाच्या मनातही आले नाही. विमलबाईंनी तिच्यापुढे दोनच वाटा ठेवल्या. मुंबईला जाऊन ऑपरेशन करून घे, नाहीतर माहेरी जा, आम्ही दुसरी आणतो. ते ऑपरेशन तेव्हा नवे होते. डॉक्टरांनी तिचे पोट टाके घालून लहान केले. ती लग्नाआधीपासून लपून, पोट दुखेपर्यंत खात होती, हे तिला कोणी विचारले नाही आणि तिने सांगितले नाही.

सहा महिने ती वाटीभर जेवली आणि झपाट्याने बारीक झाली. आळीने कौतुक केले. मग खाण्याची ती ओढ परत आली. आता थोडे जास्त झाले की उलटी व्हायची, आणि उलटी झाली की शरमेने ती पुन्हा खायची.

पापड लाटणारी हौसा खाडीकाठच्या गावातून यायची. त्या दुपारी तिने मोरीपाशी मालूला पाणी दिले. "हे पोटाचं नाय गो," ती हळूच म्हणाली. "माझ्या भाचीला पनवेलचा डॉक्टर गोळ्या देतो. बुधवारी इथं येतो. मी येते तुझ्यासंगं."

डॉक्टर वयस्कर होते. एकटी असताना खाता का, थांबावेसे वाटूनही थांबता येत नाही का, असे त्यांनी विचारले. मालू पदरात तोंड घालून रडली. न रागावता हे विचारणारे ते पहिलेच.

"ऑपरेशनने पोट लहान झालं, ही ओढ तिथे नाही," ते म्हणाले. "हा आजार आहे. भूक मारणारी गोळी तुम्हाला देणार नाही, तुमचा रक्तदाब वाढलेला आहे. ही फ्लुओक्सेटिनची कॅप्सूल रोज सकाळी घ्या. औषध उदासपणावरचं आहे, पण काहींना अशा खाण्यावरही उपयोगी पडतं. फरक कळायला काही आठवडे जातील. नाही लागू पडली तर दुसरी बघू. मनाने बंद करू नका. उलट्या होतात, तेव्हा व्हिटॅमिनच्या गोळ्या चुकवू नका. दिवस राहिलेत असं वाटलं तर लगेच मला सांगा. आणि बुधवारी बोलायला येत जा."

"मी येडी हाय का?" मालूने विचारले.

"नाही."

अकराव्या दिवशी विमलबाईंना कपाटात पाकीट सापडले. त्यांनी ते औषधाच्या दुकानात नेऊन दाखवले, गोळ्या मनाच्या आजारावरच्या असल्याचे कळले आणि घरी येऊन ते न्हाणीघरातल्या चुलीत टाकले. धनेश धाटावच्या कारखान्यातली पहिली शिफ्ट करून आला होता.

"कंपनीत कळलं तर?" तो मालूला म्हणाला. "बायको येड्यांच्या गोळ्या खाते म्हणतील. तोंड कुठं दाखवू?"

"आत्या रोज बीपीची गोळी घेतात," मालू सासूकडे बघत म्हणाली. "त्यांना कोणी काय म्हणतं?"

"ती इज्जतीची हाय," विमलबाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून स्वयंपाकघराला कुलूप लागले. मालूला मोजून वाटी मिळू लागली. चौथ्या दिवशी तिने पापडाच्या पोत्यातले कोरडे पीठ मुठीने तोंडात कोंबले आणि ते घशात बसले. हौसाने पाठीत बुक्के मारले म्हणून श्वास परत आला. विमलबाईंनी निडीला निरोप धाडला. पोरीला काहीतरी लागलंय, रविवारी भगताकडे नेतोय, बापानं यावं.

काळुराम आला तो हात जोडूनच. "चुकलं आमचं," तो म्हणाला. "भगताकडं नेऊ. पर तिला सोडू नका."

"बाबा, हात खाली घ्या," मालू म्हणाली. तिचा आवाज घोगरा झाला होता. "मी भगताकडं जाणार नाय. मला डॉक्टरकडं जायचंय. इथं गोळी घेऊ देत नसतील तर मी इथं राहणार नाय."

"मग परत या उंबऱ्यात पाऊल टाकू नको," विमलबाई म्हणाल्या. धनेश भिंतीकडे बघत राहिला.

काळुरामने जोडलेले हात खाली घेतले. मग त्याने विचारले, "गोळीनं गुण येतो?"

"ठाऊक नाय. अकरा दिवसच घेतली."

"मग पुरी घेऊन बघ," तो म्हणाला आणि तिची पिशवी उचलली.

निडीहून ती दर बुधवारी गाडीने पेणला येई. पहिला महिना काहीच फरक पडला नाही. डॉक्टरांनी औषधाचे प्रमाण वाढवले. पावसाळ्याच्या शेवटी रोजचे ते खाणे आठवड्यातून एकदा-दोनदावर आले. पुरते थांबले नव्हते.

दिवाळीत धनेश निडीला आला. मालूने त्याला वाढले, आपलेही ताट वाढून घेतले आणि त्याच्यासमोर बसून सावकाश जेवली. लग्नानंतर ती त्याच्यादेखत पोटभर कधी जेवली नव्हती.

"चल घरी," तो म्हणाला. "आई काय बोलणार नाय. गोळ्या तेवढ्या सोड."

"गोळ्या सोडणार नाय," मालू म्हणाली. "तुम्ही बुधवारी माझ्यासंगं डॉक्टरकडं या. मग बोलू."

तो संध्याकाळच्या गाडीने परत गेला. बुधवारी आला नाही.

पेणला आजही सांगतात, की मालूने खाण्यापायी संसार मोडला. सांगणाऱ्यांपैकी एकानेही तिला कसला आजार आहे, हे कधी विचारलेले नाही.