न बघता केलेली सही

"यंत्राने अहवाल लिहिलाय, ताई. आपण आता अंगठेबहाद्दर! ठोका सही," प्रयोगशाळेतला सहकारी हसून म्हणाला.

एका तान्ह्या मुलीच्या जनुकांत जीवघेणा आजार सापडला होता. माझी लेकही तेवढीच. सहीला हात उचलेना, म्हणून मी मूळ नोंदी उघडल्या. त्यांत चक्क वाय गुणसूत्र दिसलं.

"अरे, हे रक्त मुलाचं आहे!"

त्याचा चेहरा पडला. "दोन बाळांच्या नळ्यांना चिठ्ठ्या मीच लावल्या होत्या."

दुसरं बाळ मुलगा होता. त्याचा 'निर्दोष' अहवाल कालच गेला होता, माझ्याच सहीने. न बघता केलेल्या.

दोघांचं रक्त पुन्हा तपासायला हवं होतं. मी त्या मुलाच्या आईला फोन लावला.

"बोला ना, ताई! काल कितीतरी दिवसांनी आम्ही निवांत झोपलो."